भिंगरीने वाचलेला धडा

सोमवार, ४ नोव्हेंबर

वीस दिवस उशीर झाला, त्याबद्दल माफी मागतो. कोणाची मागायची ते कळत नाही, म्हणून वहीचीच मागतो. फिरत्या बाई, म्हणजे वाचायला-ऐकायला अडचण असलेल्या मुलांसाठी दर मंगळवारी शाळेत येतात त्या शिक्षिका, त्यांनी ही वही पंधरा ऑक्टोबरला माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आजोबा, भिंगरी घरी अभ्यासाला बसली की काय काय होतं, ते रोज चार ओळी लिहून ठेवा. नंतर मला बघायला लागेल." मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन वही कपाटावर टाकली. डोकं तापलं होतं. नातीवर पाळत ठेवून तिच्या चुका टिपायला मी काय हवालदार आहे?

दुसरंही एक कारण आहे. एक पान लिहायला मला दुपारचं जेवण झाल्यापासून ती शाळेतून येईपर्यंतचा वेळ लागतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धवट. पण मनात इतकं साचलंय की आता लिहिलं नाही तर रक्तदाब वाढेल. फिरत्या बाईंना दाखवायला मी वेगळी चार पानं स्वच्छ लिहीन. हे माझं मला.

भिंगरी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. वय आठ, तिसरीत आहे. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. एकदा ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द सांगते. पायऱ्यांवर बसून अख्ख्या इमारतीच्या नकला करते. पण समोर पुस्तक ठेवलं की संपलं. दोन ओळी वाचायला पाव तास. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. सूनबाई दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत. म्हणजे अभ्यासाला बसवायला राहिलो मी.

आता हेडमास्तर म्हणतात, दोन वर्षं वाट पाहिली, पुरे. वीस तारखेला एक तपासनीस येणार. पाच मिनिटं वाचून घेणार आणि तीनपैकी एक शेरा लिहिणार. एक, वाचन ठीक. दोन, मुलीला वर्गातच ठेवून मदत द्यावी. तीन, वर्गातून काढून शेवटच्या खोलीत पाठवावे. फिरत्या बाईंना दुसरा शेरा हवा आहे. तो मिळाला तर त्या दर मंगळवारी येतच राहतील, वर्गबाईंबरोबर बसून पुढच्या आठवड्याचे धडे सगळ्या मुलांना झेपतील असे आखतील, आणि परीक्षेत भिंगरीला प्रश्न वाचून दाखवून उत्तरं तोंडी घेतील.

मला विचाराल तर ही भीक झाली. आमच्या मुलीला काय झालंय? धडधाकट आहे. पहिलाच शेरा मिळायला हवा.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आज शेवटची खोली बघून आलो. तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

व्हरांडा संपतो तिथे ती आहे. निम्म्या खोलीत मोडके बाक, शिडी आणि रंगाचे डबे. उरलेल्या निम्म्यात सहा मुलं. पहिलीतलं एक, पाचवीतली दोन, सगळी एकत्र. एक मदतनीस बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मुलं एका चित्रात रंग भरत होती. चित्र होतं फुग्याचं. पाचवीतला मुलगा, मिसरूड फुटायला आलेला, तोही फुगा रंगवत होता. मला बघून त्याने कागद उलटा केला. लाज वाटते त्याला! ज्यांना वाटायला हवी त्यांना वाटत नाही.

तसाच हेडमास्तरांच्या खोलीत गेलो.

"ती खोली आहे की अडगळ?" मी विचारलं.

"बसा आजोबा. पाणी घ्या."

"पाणी नको. ती मुलं तिथे शिकतात काय?"

"वर्गात तरी काय शिकत होती? एका वर्गात एकेचाळीस मुलं. वर्गबाईंनी चाळीस जणांना शिकवायचं की एकीपाशी बसून राहायचं, तुम्हीच सांगा."

"ते मी सांगायचं? मग तुम्ही खुर्चीवर कशाला?"

शिपाई दारात उभा होता, तो खोकला. हसू लपवायला खोकला असणार. बाहेर आल्यावर त्याने मला चहा दिला आणि म्हणाला, "काका, एवढं चढत्या आवाजात बोलू नका, तुमचं वय झालंय." वय झालं म्हणजे तोंडही मिटायचं?

घरी येताना अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. गॅस बंद केला की नाही ते आठवेना. बंद होता.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

फिरत्या बाईंना हवी ती नोंद करतो. भिंगरी वाचायला बसली. पहिली ओळ बरी. दुसऱ्या ओळीला डोळे चोळले. तिसऱ्या ओळीला म्हणाली, "आजोबा, अक्षरं हलायला लागली."

मी म्हटलं, "मग त्यात काय? तिसऱ्या ओळीनंतर सगळ्यांचीच हलतात. खाली पट्टी धरायची आणि दामटायचं."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. लोक बोलून दाखवत नाहीत इतकंच."

तिला बरं वाटलं. उगाच लहान पोरांना घाबरवून ठेवतात.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज मला वर्गात बोलावलं होतं. मागच्या मंगळवारी फिरत्या बाईंनी विचारलं, "आजोबा, डेपोतलं जुनं सामान आहे का तुमच्याकडे?" आहे की. एकतीस वर्षं बसडेपोच्या स्टोअरमध्ये काढली, निरोप देताना साहेबाने जुन्या सुट्या भागांची एक पेटीच दिली होती. नट, वॉशर, स्प्रिंगा, बेअरिंग. रविवारभर रॉकेलने पुसत बसलो. एखाद्याची धार पोराच्या बोटाला लागली तर? दहादा हात फिरवून बघितलं. तरी जाताना पिशवीत मलमपट्टी घेतली.

वर्गात जाऊन बघतो तर बाकांच्या रांगा गायब. चार-चार बाक एकमेकांना जोडून आठ-आठ मुलांचे घोळके. पुस्तकं बंद! फळ्यावर एकच ओळ: गट पाडा आणि का पाडले ते कळवा. वर्गबाई सांगत होत्या, "लिहून कळवा, चित्र काढून कळवा, बोलून कळवा, नाहीतर नुसतं मांडा आणि दुसऱ्यांना ओळखायला लावा." वर्गबाई पोरसवदा आहेत. बोलताना सारख्या फिरत्या बाईंकडे बघत होत्या. पण बोलण्याआधी प्रत्येक वेळी एका मुलाकडे तोंड वळवत होत्या. त्या मुलाच्या कानात यंत्र आहे. बाकीच्यांनाही सांगितलेलं, बोलायचं तर आधी हात वर, म्हणजे कोण बोलतंय ते त्याला कळेल.

एक मुलगी आहे, ती शाळेत तोंडच उघडत नाही. घरी बोलते म्हणे. तिने वॉशरचे दोन ढीग केले. घोळक्याला काही केल्या कळेना. मोठे-लहान? तिने मान हलवली, नाही. गंजलेले आणि चकचकीत? नाही. "मग उगाचच केलेत," एक कारटं म्हणालं. तिने एक वॉशर उचलून बाकावर टाकला. मग दुसऱ्या ढिगातला टाकला. यंत्रवाल्या मुलाचा हात बाकावर होता. तोच ओरडला, "हा थरथरतो, हा नाही!" वाजणारे आणि न वाजणारे, असे गट पाडले होते पोरीने. एकतीस वर्षांत मला सुचलं नाही.

तेवढ्यात हेडमास्तर दारात. "बाई, हा वर्ग आहे की गॅरेज?"

"आज दोन्ही आहे, सर," फिरत्या बाई म्हणाल्या.

"अभ्यासक्रम कधी पुरा होणार? पहिल्या नंबरच्या मुलाचे वडील काल येऊन गेले. म्हणाले, तीन मुलांसाठी आमच्या मुलाने खेळत बसायचं का?"

"तो खेळत नाही सर, भांडतोय. वजनाने गट पाडावेत की आकाराने, यावर. पंधरा मिनिटं झाली. मागच्या आठवड्यात हाच धडा त्याने तीन मिनिटांत पाठ करून दाखवला होता आणि त्याला काही कळलं नव्हतं."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझं आणि हेडमास्तरांचं एकमत होतं. पुस्तक मिटून कसला अभ्यास! नातीला वाचता येत नाही आणि ह्या तिला स्प्रिंगा देतात. पण भिंगरी वर्गात पहिल्यांदाच जागेवर ठरली होती, हेही लिहायला हवं. डोळे मिटून अठरापैकी सोळा भाग हाताने ओळखले. पोरं टाळ्या वाजवत होती.

सुट्टीत फिरत्या बाईंनी विचारलं, "आजोबा, एवढ्या मोठ्या स्टोअरमध्ये वस्तू कशी सापडायची तुम्हाला?"

"हाताने. चौदाशे खण होते. कुठल्या खणात काय, ते अंधारातही सांगायचो. नवे लोक लेबलं वाचत बसायचे, तोवर मी माल देऊन मोकळा."

"तुम्ही लेबल वाचत नव्हता?"

"गरज काय?"

"मग डेपो लवकर का सोडलात?"

"सगळे खण बदलले. जुनी जागा गेली, प्रत्येक वस्तूला लांबलचक नंबर आले, ते कॉम्प्युटरवर शोधायचे. डोळे साथ देईनात म्हणून सोडलं."

 बाईंनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं. मी विचारलं काय लिहिलंत, तर हसून म्हणाल्या, "काही नाही." माझ्याबद्दल काय लिहायचंय? मी काय तिसरीत आहे?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

उपाय सापडला. शिपायाने मंगळवारी सांगितलं, आधीच्या दोन शाळांत तपासनिसांनी सातवा धडाच वाचून घेतला. दीपगृहाच्या रखवालदाराचा. दोन पानं आहेत.

सूनबाईला म्हटलं, "हा धडा तुझ्या आवाजात मोबाइलमध्ये भरून दे. पोर ऐकेल, कान तयार होतील." ती खूश झाली. कामावरून दमून आली होती, तरी सगळा धडा छान सावकाश वाचून दिला. दुसऱ्या दिवशी स्वतःचा जुना मोबाइलच ठेवून गेली.

भिंगरीला मी तो दिवसातून दहादा ऐकवतो. तिसऱ्या दिवशी तोंडपाठ! आता बोट कसं सरकवायचं ते शिकवतोय. शब्दाबरोबर बोट. 'रखवालदार' म्हणताना बोट लांबवर न्यायचं, 'तो' म्हणताना जरासंच. पान उलटायची जागा पक्की केली: 'समुद्र शांत होता' झालं की पान.

आज मध्येच थांबली. "आजोबा, हे खोटं नाही ना?"

"पाठ करणं कुठे खोटं असतं? मी चौथीपर्यंत असाच आलो. थोरली बहीण वाचायची, मी ऐकायचो. सकाळी मास्तरांसमोर पुस्तक धरून घडाघडा. सगळ्यांत खणखणीत आवाज माझा."

"मग चौथीत काय झालं?"

चौथीत त्या मास्तरने एक दिवस दुसरंच पुस्तक हातात दिलं. आणि वर्गाला म्हणाला, आता गंमत बघा. साठ वर्षं झाली. तो माणूस आज भेटला तरी मी त्याला सोडणार नाही. चाळीस पोरं हसत होती. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशी वडिलांनी गॅरेजात लावलं.

तिला सांगितलं, "चौथीत कंटाळा आला."

बुधवार, २० नोव्हेंबर

जिंकलो!

तपासनीस हेडमास्तरांच्या खोलीत बसले होते. गोरेगोमटे, घाईत. जेवणाच्या आत दुसरी शाळा गाठायची होती. आधी यंत्रवाला मुलगा, मग ती न बोलणारी. दोघांना दुसरा शेरा. मग भिंगरी. मी दाराबाहेर.  तपासनीस म्हणाले, "सातवा धडा काढ." शिपायाने माझ्याकडे बघून डोळा मारला.

काय वाचलं पोरीने! रखवालदार जिना चढतो तिथे आवाज हळू केला, वादळ येतं तिथे मोठा. तपासनीस तर कागद भरत होते, मान वर न करताच म्हणाले, "वा, छान." आणि लिहिलं: वाचन समाधानकारक. मदतीची गरज नाही.

हेडमास्तर बघत राहिले. मी मुद्दाम त्यांच्या टेबलापर्यंत गेलो. "काय म्हणता सर? शेवटच्या खोलीतला फुगा आता तुम्हीच रंगवा!" बोलू नये ते बोललो. पण बरं वाटलं.

फिरत्या बाई तपासणीला आतच बसल्या होत्या, त्या नंतर व्हरांड्यात भेटल्या. आनंद नाही की अभिनंदन नाही. म्हणाल्या, "आजोबा, तिने पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य म्हटलं."

"घाई झाली असेल."

"भिंगरीला घाई झाली, हे खरं. तुम्हालाही झाली का?"

म्हणजे काय? स्वतःचं शिकवणं वाया गेलं म्हणून जळफळाट, दुसरं काय. घरी आल्यावर भिंगरीने पायऱ्यांवर एकही नक्कल केली नाही. दमली असेल.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज मंगळवार आणि फिरत्या बाई आल्या नाहीत. वर्गबाईंना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी व्हरांड्यातल्या कट्ट्यावर बसलोच.

नियम असा आहे. एका वर्गातली तीन मुलं यादीवर असतील तरच फिरत्या बाईंना त्या वर्गाला पाठवतात. तिसरीत तीन होती. भिंगरीचं नाव कमी झालं, उरली दोन. वर्ग यादीतून गेला. बाईंना नदीपलीकडच्या शाळा दिल्या.

"पण धडे तुम्ही आखू शकता की. तुमच्याच वर्गात तर चाललं होतं," मी म्हणालो.

"काका, मला अजून एकटीला जमत नाही. आणि सरांनी बाक पुन्हा लावायला सांगितलेत. त्या येत होत्या तोवर मला पाठिंबा होता."

खिडकीतून पाहिलं. रांगा. उंचीप्रमाणे बसवलंय, म्हणून यंत्रवाला मुलगा चौथ्या बाकावर. वर्गबाई फळ्याकडे तोंड करून बोलत होत्या आणि तो शेजारच्याच्या वहीत बघून लिहीत होता. न बोलणारी मुलगी भिंतीकडे.

असला कसला नियम? तीन म्हणजे मुलं आणि दोन म्हणजे कोणी नाही? कोणत्या शहाण्याने कागदावर बसून केला असेल! त्याला आणून त्या चौथ्या बाकावर बसवा आणि कान बंद करा.

सगळा राग त्या शहाण्यावर काढला. तरी जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

भिंगरीला लेखी चाचणीत शून्य. पेपरवर फक्त तारीख, ती फळ्यावरून उतरवलेली. खाली हेडमास्तरांचा लाल शेरा: वाचता येत असून मुद्दाम लिहीत नाही. आळस व उद्धटपणा.

शाळा सुटल्यावर तसाच हेडमास्तरांकडे गेलो. "उद्धट? आमची पोर उद्धट?"

हेडमास्तरांनी तपासनिसांचा कागद पुढे केला. "तिला वाचता येतं, हे सिद्ध झालंय. तुम्हीच या टेबलाशी येऊन मला सुनावून गेलात. मग येत असून करत नाही, त्याला काय म्हणायचं?"

मी तो कागद उचलला, शेरा पुन्हा बघितला आणि परत टेबलावर ठेवला. 

घरी भिंगरी दप्तर न काढताच बसली होती. म्हणाली, "आज मला तासभर उभं केलं. आजोबा, कागदावर लिहिलंय की मला वाचता येतं. मग मी खोटी आहे का?"

"कोण म्हणतं?"

"मीच म्हणते."

मी नळ बंद आहे का ते बघायला उठलो. नळ बंदच होता. तरी तिथे बराच वेळ उभा होतो.

सोमवार, २ डिसेंबर

सूनबाईला सांगून टाकलं. सकाळी ती गणवेशाला इस्त्री करत होती. भिंगरी आंघोळीला गेलेली. बोट सरकवण्यापासून पान उलटण्यापर्यंत सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

ती इस्त्री करतच राहिली. मग म्हणाली, "बाबा, माझा आवाज वापरलात तुम्ही. मला वाटत होतं, ती ऐकून शिकतेय."

"त्या खोलीत पाठवलं असतं तिला. मी काय हातावर हात धरून बसायचं?"

"मला विचारायचं. फिरत्या बाईंना विचारायचं. त्या दर मंगळवारी सांगत होत्या, तिसरा शेरा येणार नाही, नोंदी तेवढ्या द्या. तुम्ही नोंदी दिल्यात?"

"लिहिल्यात. दिल्या नाहीत."

"का?"

 मग तिने इस्त्री बाजूला ठेवली. "बाबा, एक विचारू? डेपो का सोडलात तुम्ही? खरं सांगा."

"डोळे."

"गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाकी नजर उत्तम आहे. तरी पेपर आला की तुम्ही चित्रं बघून ठेवून देता."

"चष्म्याचा नंबर बदललाय," मी म्हणालो आणि चपला घातल्या. हल्लीच्या सुनांना सासऱ्याची उलटतपासणी घ्यायला शिकवतात वाटतं. पण गणवेश घेऊन जाताना ती माझ्या चहावर झाकणी ठेवून गेली, निवू नये म्हणून.

चपला घातल्याच होत्या, तर शाळेत गेलो. हेडमास्तरांना सांगितलं, "भिंगरीने वाचलं नाही. म्हणून दाखवलं. शिकवलं मी. शेरा रद्द करा."

त्यांनी चष्मा काढला. "लेखी द्या."

तिथेच बाकावर बसून लिहिलं. पाच ओळी. दीड तास लागला. शिपाई दोनदा चहा घेऊन आला. दुसऱ्यांदा त्याला म्हटलं, बाबा रे, टक लावून बघू नकोस, अक्षर बिघडतं. हेडमास्तर घड्याळ बघत होते. मला वाटलं आता काहीतरी टोमणा येणार, आणि आला असता तर मीही सोडणार नव्हतो. पण त्यांनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि म्हणाले, "फेरतपासणी होऊ शकते. दहा तारखेच्या आत दोन गोष्टी लागतील. फिरत्या बाईंची सही आणि घरच्या नोंदींची वही. वहीशिवाय तिकडे कोणी ऐकणार नाही, आजोबा. एकदा समाधानकारक लिहिलं की ते पुसायला पुरावा लागतो."

दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "त्या खोलीतली शिडी आणि डबे मी हलवलेत."  शिडी हलवली म्हणून काय हार घालू?

बुधवार, ४ डिसेंबर

दोन दिवस स्वच्छ नोंदी लिहायला बसलो. नवी वही, पहिलं पान, चार ओळी. पुढे हात चालेना. अशाने दहा तारीख उलटून जाईल. मग वाटलं, यातली वाईट पानं फाडावी. पण फाडायला घेतलं तर एकही पान उरत नाही; ज्या पानावर भिंगरीची अक्षरं हलतात, त्याच पानावर मी तिला काहीतरी भलतंच सांगितलेलं आहे. म्हणून ही वही आहे तशी वर्गबाईंबरोबर धाडतोय. उद्याच्या शिक्षकांच्या बैठकीत त्या फिरत्या बाईंना भेटणार आहेत.

तर बाई, आता हे तुम्हालाच लिहितो. तुमच्याबद्दल जळफळाट वगैरे लिहिलंय, ते वाचून सोडून द्या. हेडमास्तरांबद्दलचं त्यांना दाखवू नका. तीन मुलांच्या नियमाबद्दल लिहिलंय ते मात्र ज्याने नियम केला त्याला जरूर दाखवा, आणि माझं नाव सांगा.

सही लवकर करा. हे भिंगरीसाठी तर आहेच, पण तिचं नाव यादीवर चढलं की वर्ग चढेल, आणि तो मुलगा चौथ्या बाकावरून पुढे येईल. वर्गबाईंनी काल एकटीच्या हिमतीने दोन बाक जोडले. म्हणाल्या, एवढंच करून बघते. सरांनी पाहिलं, पण वेगळे करायला लावले नाहीत.

एक अडचण आहे. फेरतपासणीला बसायचं म्हणजे सगळ्यांसमोर अडखळत वाचायचं, हे भिंगरीला समजावलं. तुझी काही चूक नाही, चूक माझी, असंही सांगितलं. ती बराच वेळ पायऱ्यांवर बसली. मग आत येऊन म्हणाली, "वाचेन. पण तुम्ही माझ्याशेजारी बसायचं. आणि आधी तुम्ही वाचायचं."

"मी? माझी कसली परीक्षा?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांचीच अक्षरं हलतात. मला बघायचंय."

मी चष्म्याचं सांगितलं. ती म्हणाली, चष्मा करून घ्या. मी वयाचं सांगितलं. ती म्हणाली, मग सावकाश वाचा, मी थांबते.  हो म्हटलंय.  तिथे कोणी हसलं तर ती पोर काय करेल, या काळजीने हैराण आहे. पोरच. मला काय, माझं आयुष्य झालं.

म्हणून तुम्हाला लिहिणार होतो की या वेळी धडा कुठला आहे तेवढं आधी कळवा.

ते नको. कळवू नका. विचारलं तरी सांगू नका.

तारीख तेवढी कळवा, बाई. आणि लवकर कळवा. उद्या बैठकीत कळवलंत तर उद्याच. चिठ्ठी लिहीत बसू नका, वर्गबाईंपाशी तोंडी निरोप दिलात तरी पोचेल. त्या आमच्या दारावरूनच जातात, मी उद्या संध्याकाळभर पायरीवर बसून आहे.